दहा टक्क्यांचे दोन टक्के कसे झाले: भोसरीतल्या एका बोरोहायड्राइड पेटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत एक लहान युनिट आहे. पुढे दोन लेथ, मागे वेल्डिंगचा आडोसा, डोक्यावर पत्रा. काका आणि पुतण्या मिळून ते चालवतात. महाराष्ट्रात काका-पुतण्या म्हटलं की ऐकणारा आधी गालात हसतो, पण या दोघांचं बरं चाललं आहे. मूळ धंदा उपकरणांच्या पेट्या, खांब आणि ब्रॅकेट बनवायचा. त्यांचं एक गिऱ्हाईक सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस आणि डोंगरउताराची हालचाल मोजणारी केंद्रं सांभाळतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. अशा उतारांवर नजर ठेवायला हवी, हे त्यानंतर पुणे जिल्ह्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

ही केंद्रं सौर पॅनेलवर चालतात आणि नेमकी ज्या दिवसांत त्यांची गरज असते त्याच दिवसांत बंद पडतात. जुलैत ताम्हिणीच्या पट्ट्यात आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. केंद्राला सरासरी ५ वॉट लागतात, म्हणजे दिवसाला १२० वॉट-तास. ४० वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात ते सहज देतं, भर पावसात दिवसाला वीस-पंचवीस वॉट-तासांवर येतं. खालची लेड-ॲसिड बॅटरी दोन-तीन दिवस तग धरते, मग पडदा काळा.

पुतण्या मेकॅनिकलचा पदवीधर. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन फ्युएल सेलची (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या सेलची) बस दाखवली गेली, जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, आणि इतर अनेकांसारखा तोही हायड्रोजनने झपाटला. वाचता वाचता त्याला सोडियम बोरोहायड्राइड सापडलं, पाण्याशी गाठ पडली की हायड्रोजन सोडणारी एक भुकटी. मी काही वर्षं कोबाल्टच्या उत्प्रेरकांवर काम केलं आहे, म्हणून मला बोलावणं आलं.

ओळख पटू नये म्हणून जागा आणि काही तपशील मी हलवले आहेत. रसायन आणि गणित मात्र होतं तसंच ठेवलं आहे.

अडचण काय होती

गिऱ्हाइकाचं म्हणणं सरळ होतं: सूर्य नसताना केंद्र ३० दिवस चाललं पाहिजे आणि लागणारं सगळं सामान एका माणसाला पाठीवर नेता आलं पाहिजे. गाडी वाटेत सुटते, तिथून पुढे तासाभराची चढण, शेवाळलेले दगड आणि जळवा.

५ वॉट गुणिले ३० दिवस म्हणजे ३,६०० वॉट-तास. फ्युएल सेलची कार्यक्षमता निम्मी धरली तर २१६ ग्रॅम हायड्रोजन लागतो. पाव किलोसुद्धा नाही. हायड्रोजनचं आकर्षण याच आकड्यात आहे, आणि फसगतही. वायू हलका असतो, तो धरून ठेवणारं भांडं हलकं नसतं.

कोणते पर्याय तपासले

लिथियम बॅटरी: ३,६०० वॉट-तासांना पॅकसकट सुमारे २८ किलो. गिऱ्हाइकाने ऐकताक्षणी नको म्हटलं. हा नकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हायड्रोजनचा सिलिंडर: पोलादी नळा पाठीवर घेऊन चढायची कल्पनाच काकांना पटली नाही. शिवाय २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आणि नागपूरच्या पेसोशी, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालचे वायू यांचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार. इथे वेळ घालवला नाही.

लॅन्थेनम-निकेल मिश्रधातू: खोलीच्या तापमानाला हायड्रोजन घेतो आणि देतो, अतिशय गुणी. पण वजनाच्या जेमतेम १.४ टक्के. २१६ ग्रॅमसाठी साडेपंधरा किलो नुसता धातू, भांडं वेगळं.

मिथेनॉलवर चालणारे फ्युएल सेल बाजारात मिळतात. किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर होती.

मग राहिली बोरोहायड्राइडं. या पदार्थांची रचना एका वाक्यात: बोरॉनच्या एका अणूला चार हायड्रोजन चिकटलेले, आणि या चौकडीचा ऋण भार सांभाळायला शेजारी एखादा धातू. धातू बदलला की स्वभाव बदलतो. पुतण्याचा जीव लिथियम बोरोहायड्राइडवर जडला होता, कारण त्यात वजनाच्या साडेअठरा टक्के हायड्रोजन आहे. मॅग्नेशियमच्या भावंडात १४.९ टक्के. कागदावर यांच्यापुढे कोणी टिकत नाही.

"मॅडम, मग आपण सोडियमच्या साडेदहावर का समाधान मानायचं?" हा त्याचा प्रश्न.

उत्तर तापमानात होतं. लिथियम बोरोहायड्राइड साधारण २७५ अंशांना वितळतं आणि बहुतेक हायड्रोजन सोडायला पावणेचारशे-चारशेच्या पुढे जावं लागतं. परत भरायचं तर सहाशे अंश आणि दीडशे बारच्या वरचा दाब. २००५ साली त्यात मॅग्नेशियम हायड्राइड मिसळून ही प्रक्रिया बरीच सुसह्य करता येते हे दाखवलं गेलं. तेव्हा उरणारा बोरॉन मोकळा न राहता मॅग्नेशियम बोराइड बनतो आणि परतीची वाट सोपी होते. त्या जोडीची क्षमता ११.५ टक्के, पण तरी भट्टी लागतेच. पाच वॉटच्या केंद्रासाठी घाटात भट्टी पेटवणार कोण? शिवाय तापवताना यातली काही बोरोहायड्राइडं थोडं डायबोरेनही सोडतात. तो वायू विषारी, आणि बोरॉन कायमचा हातचा जातो. हे पदार्थ पुढे घन बॅटऱ्यांमधले विद्युतवाहक म्हणून नाव काढतील असं मला वाटतं. लिथियम बोरोहायड्राइड ११० अंशांच्या वर आपली स्फटिकरचना बदलतं आणि त्याच्यातून लिथियमचे आयन अचानक सुळसुळ धावू लागतात. पण तो विषय वेगळा.

सोडियम बोरोहायड्राइडला भट्टी लागत नाही. पाणी आणि उत्प्रेरक मिळाला की ते खोलीच्या तापमानाला हायड्रोजन सोडतं, आणि निम्मा हायड्रोजन पाण्यातून येतो. मागे उरतो सोडियम मेटाबोरेट. एक ग्रॅमपासून प्रमाण स्थितीत सुमारे २.३७ लिटर वायू. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शिकागोत श्लेसिंगर आणि ब्राऊन या रसायनशास्त्रज्ञांनी हा पदार्थ हाताळला, तेव्हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोरला, म्हणजे संदेशवहन दलाला, त्यात रस होता तो याचसाठी: मैदानात, जागच्या जागी हायड्रोजन काढायला. कोबाल्टचे क्षार ही प्रक्रिया झपाट्याने घडवतात हेही त्याच कामात कळलं. पुढे हा पदार्थ रमला औषधनिर्मितीत, म्हणूनच आज पुण्यात मिळायला अडचण नाही.

मी दोघांना एक इशारा आधीच दिला होता. २००१ मध्ये क्रायस्लरने याच रसायनावर चालणारी नेट्रियम नावाची व्हॅन दाखवली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारींसाठी हा रस्ता सोडून द्यावा अशी शिफारस केली. कारणं दोन: प्रत्यक्षातलं वजन, आणि उरलेल्या बोरेटपासून पुन्हा बोरोहायड्राइड बनवायचा ऊर्जाखर्च. कारखान्यात एका रेणूमागे सोडियम हायड्राइडचे चार रेणू लागतात आणि सोडियम धातू विजेवरच निघतो. आपल्या केंद्राला मात्र मोटारीचे नियम लागू नाहीत असं आम्ही ठरवलं. ते चूक नव्हतं. पण त्या दोन कारणांतलं पहिलं आम्ही नीट वाचलं नव्हतं.

काय केलं

*११२ टक्के*

नोव्हेंबरात पहिली चाचणी झाली. निकेलच्या फोमचा तुकडा कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा, मग बोरोहायड्राइडमध्ये. गुलाबी तुकडा बघता बघता काळा होतो, तो कोबाल्ट बोराइड. त्यावरून द्रावण सोडलं की बुडबुडे सोड्याच्या बाटलीसारखे उसळतात. वायू पाण्यावर गोळा करून पुतण्याने मोजला आणि रात्री मला फोन केला. अपेक्षेच्या ११२ टक्के हायड्रोजन!

शंभराच्या वर गेलेला आकडा आनंदाचा नसतो. त्याने एका मोल वायूला बारावीच्या पुस्तकातले २२.४ लिटर धरले होते. ते शून्य अंशांना आणि समुद्रसपाटीच्या दाबाला. भोसरीत त्या दिवशी २७ अंश होते. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. शिवाय पाण्यावर गोळा केलेल्या वायूत वाफ मिसळते, तिचा वाटा ३५ हेक्टोपास्कलचा. हे सगळं धरलं तर एका मोलला २७ लिटरच्या थोडी वर जागा लागते. ११२ चे झाले ९२.

हा पहिला निर्णयाचा क्षण. ९२ सुद्धा चांगलाच आकडा होता आणि दुरुस्ती न करता पुढे जायचा मोह पुतण्याला झाला, कारण गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर ११२ आधीच गेला होता. काकांनी त्याला दुसरा मेसेज पाठवायला लावला. हिशेबात पुढे आम्ही ९० टक्के धरले. १.१३ किलो भुकटी, महिन्याभराची वीज. अठ्ठावीस किलोच्या बॅटरीसमोर सव्वा किलोही नाही!

*डिसेंबरची शिट्टी*

पहिल्या रचनेत २० टक्क्यांचं द्रावण पंपाने उत्प्रेरकाच्या नळीत ढकलायचं होतं. द्रावण आपोआप कुजू नये म्हणून त्यात ४ टक्के कॉस्टिक सोडा. डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी यंत्र सुरू केलं आणि वीस मिनिटांत सेफ्टी व्हॉल्व्ह कुकरसारखा वाजला. काकांनी नळी खोलली. नीडल व्हॉल्व्हचं तोंड खडीसाखरेसारख्या पांढऱ्या स्फटिकांनी गच्च भरलं होतं. बोटाला लावलं तर साबणासारखं बुळबुळीत. मेटाबोरेट.

मी चलनाच्या कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला, जो खरं तर महिनाभर आधी मांडायला हवा होता. १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम बोरोहायड्राइड, ४ ग्रॅम कॉस्टिक, ७६ ग्रॅम पाणी. प्रक्रियेत १९ ग्रॅम पाणी संपतं, उरतं ५७. तयार होतो सुमारे ३५ ग्रॅम मेटाबोरेट. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात तो २८ ग्रॅम विरघळतो, म्हणजे आपल्या ५७ ग्रॅममध्ये १६. निम्म्याहून जास्त खाली बसणारच, थंडीत आणखी. नळी गरम असेपर्यंत सगळं वाहतं. व्हॉल्व्हपाशी निवलं की दगड.

१२ टक्क्यांना हिशेब काठावर येतो, १० टक्क्यांना सुटतो. पण १० टक्क्यांच्या द्रावणात हायड्रोजन वजनाच्या २.१ टक्के. जाहिरातीतला आकडा, म्हणजे बोरोहायड्राइड आणि लागेल तेवढंच पाणी धरून येणारा, सुमारे १०.९. टाकी, नळ्या, पेटी अजून धरलेलीच नाही. १.१३ किलो भुकटीचं ११.३ किलो द्रावण झालं.

इथे तीन वाटा होत्या. २० टक्के ठेवून नळीला हीटर लावायचा, पण हीटरला वीज कोण देणार. द्रावण न करता भुकटीवरच थेंब थेंब पाणी सोडायचं. त्यात वजन सगळ्यात कमी, पण भुकटी भिजत भिजत वर कवच धरते, आतली कोरडी राहते आणि वायूचा वेग सांभाळता येत नाही. तिसरी वाट काकांनी सुचवली.

"मॅडम, वरती पाण्याला काय तोटा आहे? भुकटी न्यायची, पाणी तिथलंच घ्यायचं."

चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला जे दिसलं ते आम्हा दोघांना दिसलं नव्हतं. ताम्हिणीच्या पावसात पाणी वाहून न्यायचं म्हणजे वेडेपणाच. ठरलं: सव्वा किलोच्या आतली भुकटी आणि मोजून घेतलेलं कॉस्टिक बंद डब्यांत न्यायचं, टाकीत गाळलेलं पावसाचं पाणी भरायचं, आधी कॉस्टिक विरघळवायचं आणि मगच भुकटी.

*फुगलेला कॅन*

भुकटी नेण्याच्या निर्णयावर एप्रिलने शिक्का मारला. डिसेंबरचं उरलेलं दोन लिटर द्रावण एका पांढऱ्या कॅनमध्ये पत्र्याखाली पडून होतं. दुपारी शेडमध्ये चाळीसच्या वर. कॅन टम्म फुगला, तळ गोल होऊन तो डुलायला लागला. हेल्परने हात लावण्याआधी काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, वेल्डिंग बंद केलं. संध्याकाळी निवल्यावर झाकण पाव-पाव आटा सैल केलं.

या पदार्थाच्या आपोआप कुजण्याचं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार पीएच १४ आणि २५ अंश असतील तर द्रावण निम्मं व्हायला चौदा महिने लागतात. ४० अंशांना सव्वाचार महिने. पीएच १३ असेल तर ४० अंशांना तेरा दिवस. सव्वाचार महिने ऐकायला बरे वाटतात, पण २० टक्क्यांच्या एका लिटरमधून रोज एक ग्रॅम कुजतो आणि दोन लिटरच्या वर हायड्रोजन देतो. बंद कॅनला तेवढं पुष्कळ झालं. त्या दिवसापासून शेडमध्ये द्रावण साठवायचं नाही आणि साठवलंच तर श्वास घेणाऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये, हा नियम झाला.

*पंपाला रजा*

पंप तीन वॉट खात होता. पाच वॉटच्या केंद्राला तीन वॉटचा पंप म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला. म्हणून शाळेतलं किपचं उपकरण आठवलं. उत्प्रेरक टाकीच्या मधल्या नळीत टांगायचा. वायू वापरला गेला नाही की दाब वाढतो, द्रावण खाली ढकललं जातं, उत्प्रेरक कोरडा पडतो आणि प्रक्रिया थांबते. वायू खर्च झाला की द्रावण पुन्हा वर. ना पंप, ना इलेक्ट्रॉनिक्स. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी शेडमध्ये पाच लिटरच्या पारदर्शक बरणीत एक बनवून ठेवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

फ्युएल सेलने एकदा मान टाकली. व्होल्टेज रोज थोडं थोडं उतरत होतं. वायूबरोबर कॉस्टिकचा बारीक तुषार जात होता. सोडियमचे आयन सेलच्या पडद्यात प्रोटॉनची जागा बळकावतात आणि पडद्याची वाहकता घटते. मध्ये पाण्याची बाटली आणि गाळणी बसवल्यावर हे थांबलं.

पेटीचा प्रश्न वेगळ्याच जातीचा निघाला. काकांच्या पेट्यांची ख्याती पाणी आत न येण्याची. पण हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेतो, म्हणून पेटीला वरच्या टोकाला मोकळी वाट हवी, आणि सेललाही हवा लागते. वर वाकडी नळी लावली. मे महिन्यात पेटी बसवून आलो आणि पंधरा दिवसांनी पाहतो तर कुंभारमाशीने नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं, अगदी लिंपून. सुदैवाने टाकी रिकामी होती. आता तिथे स्टीलची जाळी आहे.

*ओढ्यात ओतायचं का?*

जूनमध्ये सामान वर नेताना खालच्या वाडीतला एक तरुण मदतीला होता. पुतण्या त्याला समजावत होता, भुकटी अशी, पाणी असं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, आणि महिन्यानं जे उरंल ते ओढ्यात ओतायचं का? तो ओढा आमच्या विहिरीला येतो."

आठ महिन्यांत आमच्यापैकी कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिथेच दगडावर बसून आकडेमोड केली. १.१३ किलो बोरोहायड्राइडमध्ये बोरॉन सुमारे ३२० ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बोरॉनची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे एका केंद्राचं एका महिन्याचं उरलेलं द्रावण सुमारे सहा लाख चाळीस हजार लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे चौसष्ट टँकर. आणि वर कोबाल्ट, वर कॉस्टिक.

म्हणजे ते सगळं खाली आणायचं. वर जाताना सव्वा किलो, खाली येताना अकरा. काकांनी वाचवलेलं पाणी आम्ही उतरताना पाठीवर घेणार होतो.

परत फिरावं का, यावर तिथेच अर्धा तास बोलणं झालं. पुतण्याचं म्हणणं, एक पावसाळा तरी बघू. मी होकार दिला, एका अटीवर: उरलेला थेंब न् थेंब खाली येईल.

निष्पत्ती

पेटी एका केंद्रावर पावसाळाभर होती. त्या हंगामात सर्वांत लांब सूर्यहीन काळ नऊ दिवसांचा आला. त्या नऊ दिवसांत केंद्राची एकही नोंद चुकली नाही. आसपासची दोन केंद्रं त्याच काळात गप्प होती.

पण टाकी तीस दिवस चालली नाही. एकोणिसाव्या दिवशी वायू संपला. गारव्यात द्रावण आपोआप कुजून त्यातलं चार टक्क्यांच्या आसपास वाया जाईल हे आम्ही धरलं होतं, त्याने एवढा फरक पडत नाही. टाकी रिकामी केली तेव्हा तळाशी काळी पूड सापडली. फोमवरचा कोबाल्ट बोराइडचा थर बुडबुड्यांच्या माऱ्याने सुटून द्रावणात पडला होता. किपची युक्ती उत्प्रेरक वर टांगलेला असेल तोवरच चालते. पूड तळाशी गेली की प्रक्रिया कधीच थांबत नाही, वायू रात्रंदिवस बनतो आणि वरच्या नळीतून धुक्यात निघून जातो. शेडमध्ये आमची सर्वांत लांब चाचणी सहा दिवसांची होती. सहा दिवसांत पूड नजरेत भरण्याइतकी पडत नाही.

खाली उतरताना तो कॅन पाठीवर बुडबुडत होता, झाकणातून फुसफुस करत. वाडीतल्या त्या तरुणाने तो उचलला आणि अर्ध्या वाटेवर नुसतं म्हणाला, "जड हाय."

सप्टेंबरात मी पहिल्यांदा केंद्राचा वीजखर्च तुकड्या-तुकड्याने मोजला. डेटा लॉगर ०.४ वॉट, कॅमेरा १.६, मोडेम ३. मोडेम चोवीस तास जागा होता आणि कॅमेरा रात्रीच्या अंधाराचेही फोटो काढत होता. ५ वॉट हा आकडा गिऱ्हाइकाच्या कागदावर छापलेला होता, म्हणून आम्ही तो देवाज्ञा मानला होता. मोडेमला पंधरा मिनिटांतून एकदा उठवलं आणि कॅमेऱ्याला पर्जन्यमापक हलला की जागं केलं, तर सरासरी १ वॉटच्या जवळ येते. दिवसाला २४ वॉट-तास. पावसाळ्यातलं तेच रडकं पॅनेल साधारण तेवढं देतं.

गिऱ्हाइकाने बहुतेक केंद्रांवर हाच बदल केला आणि जोडीला लहान लिथियम बॅटरी बसवली. तीस दिवसांची बेगमी आता साडेपाच-सहा किलोंत होते. जी बॅटरी अठ्ठावीस किलोची म्हणून पहिल्याच बैठकीत नाकारली होती, तीच.

बोरोहायड्राइडची पेटी एकाच ठिकाणी राहिली आहे. तिथे दाट झाडीमुळे पॅनेलला उन्हाळ्यातही ऊन मिळत नाही. १ वॉटला महिन्याला पाव किलोच्या आत भुकटी पुरते आणि उरलेलं द्रावण सव्वादोन किलो. उत्प्रेरक आता बारीक जाळीच्या पिशवीत आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात मी भारापासून करेन. रसायनाचं एक पान उघडण्याआधी मीटर घेऊन खांबापाशी जाईन. आम्ही हायड्रोजन कसा साठवायचा यावर दहा महिने घालवले आणि तो एवढा लागतो का, हे अकराव्या महिन्यात विचारलं. काका म्हणतात की गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप तपासायचं नसतं, तसंच कापायचं असतं. पेट्यांच्या धंद्यात ते बरोबर असेल. यावर आमचं अजून एकमत नाही.

विद्राव्यतेचा हिशेब पहिल्या दिवशी. तो चलनाच्या पाठीवर मावतो आणि त्याला पाच मिनिटं लागतात. तो केला असता तर पंप, नळी आणि डिसेंबर वाचला असता. माझ्याकडून तो राहिला कारण मी उत्प्रेरकाची माणूस. वायू किती वेगाने सुटतो याकडेच माझं लक्ष, मागे काय उरतं ते दुसऱ्या कोणाचं खातं वाटायचं.

टिकाऊपणाची चाचणी पूर्ण मुदतीची. तीस दिवस चालवायचं तर शेडमध्ये तीस दिवस. पुतण्याने सहा दिवसांवर थांबायचं ठरवलं तेव्हा मेचा शेवटचा आठवडा होता आणि पाऊस डोक्यावर आला होता. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. मग निदान 'तीस' हा आकडा कागदावर लिहायला नको होता.

आणि वाडीतल्या माणसाला जूनमध्ये नाही, नोव्हेंबरात बोलवायचं.

उरलेलं द्रावण शेडच्या कोपऱ्यात निळ्या ड्रममध्ये आहे. कोबाल्ट असल्यामुळे ते रांजणगावच्या सामाईक घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे जायचं आहे, पण एवढ्याशा मालासाठी गाडी परवडत नाही म्हणून ड्रम भरायची वाट पाहणं चालू आहे. झाकण श्वास घेणारं. ड्रमवर काकांनी मार्करने वजन लिहिलं आहे, दर खेपेला जुना आकडा खोडून नवा. पुतण्या जाता-येता त्याला कान लावून बघतो, आत अजून काही बुडबुडतंय का.